बियांपासून रोझमेरी: नाशिकच्या हवेत रोप जगवायचं कसं

पेरणी दिवाळीच्या आसपास करा. ऑक्टोबरची काहिली उतरलेली असते आणि रुजायला लागणारी २० ते २५ अंशांची ऊब दिवसा मिळते. डिसेंबर-जानेवारीत निफाडची थंडी शहरातही जाणवते. तेव्हा बी नुसतं पडून राहतं. बी ताजंच घ्या. त्यातलंही निम्मं उगवलं तरी नशीब समजा, म्हणून दहा रोपांसाठी तीस बिया टाका.

पेरणीचं मिश्रण: दोन भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), एक भाग परलाईट (पांढरे, हलके खडे) किंवा धुतलेली जाड वाळू. खत नको, काळी माती तर नकोच. प्रोट्रे, म्हणजे रोपांसाठीचा खणाखणांचा ट्रे, भरा, भिजवा, निथळू द्या. बी वरच ठेवून कोकोपीटची चिमूट भुरभुरवा. खोल गाडलेलं बी वर येत नाही.

आता खरी गोम: पाणी. उगवायला दोन ते चार आठवडे लागतात आणि तेवढ्यात माणसाचा धीर सुटतो. ‘सकाळ-संध्याकाळ पाणी मारा’ हा सल्ला मेथी-कोथिंबिरीचा. रोझमेरीला तो मारक आहे. सतत ओल्या कोकोपीटमध्ये बुरशी वाढते, कोंबाचा देठ मातीलगत तपकिरी होऊन दोऱ्यासारखा बारीक पडतो आणि हिरवंगार रोप आडवं होतं. एक पडलं की शेजारची पडायला वेळ लागत नाही.

म्हणून वरून पाणी घालूच नका. ट्रे उचलून बघा. हलका लागला तरच सकाळी दहा मिनिटं पाण्याच्या परातीत ठेवा, मग निथळवा. वर प्लॅस्टिक झाकलं असेल तर पहिला कोंब दिसताच काढा. बहुतेकांचं इथेच चुकतं, ‘अजून बाकीचे उगवायचेत’ म्हणून झाकण तसंच ठेवतात. ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला रोखणारी उपयोगी बुरशी) द्राक्षवाल्यांमुळे इथल्या कुठल्याही कृषी सेवा केंद्रात मिळतो. लिटरभर पाण्याला ५ ग्रॅम, पेरणीच्या वेळीच. आडवं झालेलं रोप कशानेच उभं राहत नाही, ते भोवतालच्या कोकोपीटसकट काढून टाका.

सहा-आठ खरी पानं (कोंबाच्या पहिल्या दोन पानांनंतरची) आली की चार इंची कुंडीत, मुळं भरली की आठ इंची मातीच्या कुंडीत. पोयटा, वाळू समान, गांडूळखत मूठभर. ऊन सहा तास.

हे झाड भूमध्य समुद्राकाठचं, तिथे पाऊस हिवाळ्यात पडतो. आपला जून ते सप्टेंबर त्याला सोसत नाही. कुंडी पागोळ्यांच्या आत, पण उजेडात ठेवा. बशी काढून टाका.

पहिल्या वर्षी वाढ मुंगीच्या पावलांनी होते. वीतभर झाल्यावर शेंडे खुडा, फांद्या फुटतात. पुढे तोडतानाही हिरव्या भागातच तोडा. पानं नसलेल्या जुन्या लाकडाला सहसा फूट येत नाही.