नवा माल रॅकवर चढवण्याआधी जुना मोजा

कॉम्प्युटरवर बेअरिंग ४०, रॅकवर ३३. मार्चअखेरीस दोन दिवस स्टोअर बंद ठेवून सगळं मोजलं तरी जूनपर्यंत आकडे पुन्हा फिसकटतातच.

त्यापेक्षा नवा माल आला की तो रॅकवर चढवण्याआधी तिथे उरलेला माल मोजा. तेव्हा नग सर्वांत कमी असतात, त्यामुळे मोजणी दोन-चार मिनिटांत उरकते.

१. मोजणाऱ्याला कॉम्प्युटरवरचा आकडा सांगू नका. सांगितला की नेमका तोच परत येतो!
२. मोजलेला आकडा तारीख-सहीसह बिन कार्डावर (त्या मालाच्या आवक-जावकीच्या नोंदीचं कार्ड) लिहा.
३. नोंदवायच्या राहिलेल्या इश्यू स्लिपा (माल दिल्याच्या चिठ्ठ्या) आधी कॉम्प्युटरवर चढवा, मग मोजलेल्या आकड्याशी ताळा करा. तरी फरक उरला तर त्याच दिवशी मागच्या स्लिपा आणि चलनं काढा. बहुधा घाईत स्लिप न फाडता दिलेला माल, नाहीतर डझन आणि नग यांचा घोळ सापडतो. महिन्याभराने कुणालाच काही आठवत नाही.

न हलणारा माल यात सुटतो, त्याची तीन महिन्यांतून एकदा वेगळी फेरी मारा.

एक जपा: मोजणाऱ्यालाच कॉम्प्युटरवरचा आकडा बदलायची मुभा देऊ नका.