आंतरराष्ट्रीय राजकारण शिकायचंय? साखरेपासून सुरू करा

एमए पॉलिटिकल सायन्सला असलेली किंवा यूपीएससीचा जीएस टू (राज्यव्यवस्था आणि आंतरराष्ट्रीय संबंधांचा पेपर) करणारी सोलापूरची पोरं नेहमी विचारतात की आंतरराष्ट्रीय संबंध, त्यातही विकसनशील देशांचं राजकारण, कुठून सुरू करायचं. बहुतेकांच्या वहीत सुरुवातीलाच वास्तववाद, उदारमतवाद, अवलंबित्व सिद्धांत (गरीब देश श्रीमंत देशांवर अवलंबून राहून मागे पडतात, ही मांडणी) अशा व्याख्या असतात आणि वही तिथंच थांबलेली असते. माझं म्हणणं सरळ आहे, थिअरी नंतर घ्या. आधी आपल्या जिल्ह्यातून बाहेर जाणारी एक वस्तू पकडा आणि ती कुठं कुठं अडते ते बघत जा.

साखर घ्या. आपल्याकडे कारखाना म्हणजे राजकारण हे लहान पोराला पण माहितीय, पण याच साखरेवरून २०१९ मध्ये ब्राझील, ऑस्ट्रेलिया आणि ग्वाटेमाला आपल्याविरुद्ध डब्ल्यूटीओत, म्हणजे जागतिक व्यापार संघटनेत गेले. तक्रार अशी की भारत एफआरपी, म्हणजे कारखान्याने उसाला द्यायचाच असा किमान दर, ठरवून उसाला मर्यादेपेक्षा जास्त आधार देतो, वर निर्यातीला सबसिडी देतो, आणि त्याचा फटका त्यांच्या साखरेला बसतो. डिसेंबर २०२१ मध्ये डब्ल्यूटीओच्या पॅनेलने, म्हणजे तक्रार ऐकणाऱ्या समितीने, निकाल आपल्याविरुद्ध दिला, मग भारताने अपील केलं, पण अपील ऐकणारं मंडळच डिसेंबर २०१९ पासून ठप्प आहे कारण अमेरिका त्यावर नवीन सदस्य नेमू देत नाही, म्हणजे निकाल लागलाय पण लटकलाय. आता वहीत तीन प्रश्न लिहा. ब्राझील ब्रिक्स या गटात आपल्यासोबत बसतो, तरी तक्रार का केली? ग्वाटेमालासारख्या छोट्या देशाचं यात काय अडकलंय? आणि दिल्लीला एफआरपीला हात लावणं का जमत नाही? तिसऱ्याचं उत्तर पंढरपूर, माढा, अकलूजकडे जाऊन या, कुणीही सांगेल. पहिल्या दोघांसाठी डब्ल्यूटीओच्या साइटवर डीएस ५७९ आणि ५८१ (ब्राझील आणि ग्वाटेमालाच्या तक्रारींचे नंबर) काढा, अख्खा रिपोर्ट नका वाचू, दम निघून जाईल, शेवटचे निष्कर्ष आणि सुरुवातीला प्रत्येक देशाने काय मागितलं एवढं वाचा.

यातून एक गोष्ट पक्की डोक्यात बसते, ती म्हणजे विकसनशील देश हा एक गठ्ठा नाही. १९५५ ला इंडोनेशियातल्या बांडुंगमध्ये आशिया-आफ्रिकेतले २९ देश एकत्र आले, १९६४ ला जी-७७ हा विकसनशील देशांचा गट झाला, आज त्यात १३४ देश आहेत, ही एकजूट खोटी नव्हती आणि अजूनही नाही. पण भाषण एका बाजूला आणि कस्टम ड्यूटी दुसऱ्या बाजूला. आपला सोलापुरी टॉवेल युरोपात ड्यूटी भरून जात आलाय, बांगलादेशचा अल्पविकसित देश म्हणून बिनड्यूटी, पाकिस्तानला २०१४ पासून जीएसपी प्लस या युरोपच्या योजनेतून ड्यूटीत सवलत. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या कुठल्याही एक्स्पोर्टरला विचारा, तो हे पुस्तकापेक्षा चांगलं समजावेल. खरंच जाऊन विचारा, लोक सांगतात.

मग एकच देश घ्या आणि त्याचं एक वर्ष नीट वाचा. मी श्रीलंकेचं २०२२ सुचवतो. आपल्याकडे एका वाक्यात निकाल लागतो की चीनच्या कर्जाने बुडाला, हंबनटोटा बंदर ९९ वर्षांच्या लीजवर गेलं, विषय संपला. पण आकडे काढले की दिसतं, बाजारात बाँड (कर्जरोखे) विकून घेतलेलं कर्ज चीनच्या कर्जापेक्षा जास्त होतं, त्यात २०१९ ची करकपात, कोविडमध्ये बंद पडलेलं पर्यटन, २०२१ ची रासायनिक खतांवरची बंदी. एप्रिल २०२२ ला परकीय कर्जाचे हप्ते थांबवले, जुलैत राष्ट्राध्यक्ष देश सोडून पळाले, मार्च २०२३ ला आयएमएफचं (आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं) सुमारे ३ अब्ज डॉलरचं पॅकेज मंजूर झालं. त्या आयएमएफमध्ये मोठ्या निर्णयाला ८५ टक्के मतं लागतात आणि एकट्या अमेरिकेकडे १६ टक्क्यांच्या वर आहेत, म्हणजे ती एकटी असा निर्णय अडवू शकते, हे समोर ठेवूनच पुढचं वाचा.

यूएनचं मतदान पण बघायला शिका, ऑनलाइन फुकट मिळतं. २ मार्च २०२२ चा, रशियाच्या युक्रेनवरच्या हल्ल्याविरुद्धचा ठराव काढा, १४१ बाजूने, ५ विरोधात, ३५ तटस्थ. भारत, पाकिस्तान, बांगलादेश, श्रीलंका तटस्थ, नेपाळ आणि ब्राझील बाजूने. का, हे प्रत्येकाचं वेगळं लिहा.

एवढं झाल्यावर थिअरी उघडा. अर्जेंटिनाचे अर्थतज्ज्ञ राऊल प्रेबिश, अंक्टाड या यूएनच्या व्यापार आणि विकास संस्थेचे पहिले महासचिव, सांगायचे की कच्चा माल विकणाऱ्या देशाला पक्का माल घेताना कायम जास्त मोजावं लागतं. आता ते वाक्य पाठ करावं लागणार नाही, उलट तुम्ही त्याच्याशी भांडाल, कारण आपण टॉवेल विकतो, तो पक्का माल आहे, तरी अडचण आहेच.

सरावासाठी कांदा घ्या. डिसेंबर २०२३ मध्ये निर्यातबंदी आली, ४ मे २०२४ ला उठली आणि ७ मेला सोलापूर आणि माढ्याचं मतदान होतं. त्या पाच महिन्यांतल्या आपल्या बाजार समितीच्या बातम्या एका बाजूला ठेवा, आपला कांदा घेणाऱ्या ढाका आणि कोलंबोचे इंग्रजी पेपर दुसऱ्या बाजूला, आणि दोन पानं स्वतःच्या मराठीत लिहून काढा.