सहकारी परिचारिका औषधांच्या व्यसनात अडकल्याची शंका आली तर काय करावे

मॉर्फिनसारख्या नियंत्रित औषधांच्या नोंदवहीत उरलेले औषध टाकून दिल्याची नोंद होते, तेव्हा तिथे दोन सह्या लागतात: एक औषध देणाऱ्या परिचारिकेची आणि दुसरी साक्षीदाराची. ते औषध टाकलेले डोळ्यांनी न पाहताच मी कितीतरी वेळा दुसरी सही केली आहे, कारण माझ्या हातात दुसरे काम होते आणि समोरची सिस्टर भरवशाची होती. वॉर्डातले व्यसन अशाच सह्यांच्या आड वाढते. म्हणून शंका येण्याची वाट न पाहता पहिली शिस्त इथूनच लावावी.

व्यसनात अडकलेली व्यक्ती कामचुकार असेल, हा समज मनातून काढून टाकावा. औषध कामाच्या जागीच मिळत असल्यामुळे नोकरी सांभाळण्याची तिची धडपड शेवटपर्यंत टिकते. घर आणि नातीगोती बिघडून गेल्यावरही ड्यूटी चोख दिसू शकते. ती लवकर येते, उशिरापर्यंत थांबते, सुटीच्या दिवशीही बोलावले तर येते आणि इतरांच्या रुग्णांना वेदनाशामक इंजेक्शन देण्याची जबाबदारी स्वतःहून घेते. औषधांची माहिती असली की आपण सुरक्षित आहोत, असे आपल्या व्यवसायातील पुष्कळांना वाटते; पण कोकेनने बधिरता आणण्याचे प्रयोग १८८४ पासून स्वतःवरही करणारे नामवंत शल्यचिकित्सक विल्यम हॉल्स्टेड आधी कोकेनच्या आणि नंतर मॉर्फिनच्या व्यसनात अडकले.

सर्वांत बोलकी खूण बहुधा रुग्णाच्या खाटेजवळ सापडते. दोन वाजता मॉर्फिन दिल्याची नोंद चार्टवर असते आणि अडीच वाजता तोच रुग्ण खाटेची दांडी घट्ट धरून, घामाने भिजलेला, इंजेक्शन कधी देणार असे विचारत असतो. एखाद्या रुग्णाला तेवढा डोस पुरत नाही, हेही खरे. मात्र एकाच परिचारिकेच्या पाळीत वेगवेगळ्या रुग्णांबाबत हे वारंवार घडत असेल, अँप्यूल (औषधाची काचेची कुपी) फुटल्याच्या नोंदी तिच्याच नावावर जास्त असतील, औषध काढल्यावर ती दर वेळी काही काळ दिसेनाशी होत असेल, तर दखल घ्यावी. डोळ्यांच्या बारीक झालेल्या बाहुल्या आणि उकाड्यातही लांब बाह्या, किंवा औषध न मिळाल्यावर सतत जांभया, नाक गळणे आणि अंगावर काटा, ही लक्षणे त्यात भर घालतात. त्यांतले कोणतेही एक लक्षण म्हणजे पुरावा नव्हे.

तारीख, वेळ, औषध, मात्रा आणि आपण प्रत्यक्ष पाहिलेली गोष्ट एवढेच लिहावे. निष्कर्ष लिहू नये. तिचा पाठलाग करू नये, पर्स तपासू नये आणि एकटीने जाब विचारू नये. नोंदी थेट वरिष्ठांकडे द्याव्यात आणि वॉर्डात कुजबुज होऊ देऊ नये. ती नशेत काम करताना दिसली, तर मात्र रुग्णसेवेतून तत्काळ बाजूला घेऊन डॉक्टरांकडून तपासून घ्यावे व गाडी चालवू देऊ नये. बेशुद्ध आढळल्यास आधी श्वास सांभाळावा आणि ओपिऑइडची (मॉर्फिनच्या गटातील औषधाची) शंका असेल तर त्याचा परिणाम उलटवणारे नॅलोक्सोन द्यावे. नॅलोक्सोनचा परिणाम साधारण ३० ते ९० मिनिटांत ओसरतो, त्यामुळे शुद्ध आली म्हणून नजर हटवू नये.

यानंतरचा प्रसंग मला सर्वांत नाजूक वाटतो. चोरी उघड झाल्यानंतरच्या काही तासांत आत्महत्येचा धोका फार मोठा असतो, कारण नोकरी, नोंदणी आणि अब्रू एकदमच हातातून गेल्यासारखी वाटते आणि जीव घेणारी औषधे कशी वापरायची हे तिला ठाऊक असते. म्हणून उपचारांची जागा आधी ठरवूनच तिला बोलवावे, समोर दोघे अनुभवी लोक असावेत आणि बोलणे थोडके असावे: "सिस्टर, या नोंदी जुळत नाहीत. आम्हाला तुमची काळजी वाटते. डॉक्टरांशी बोलून ठेवले आहे, मी तुमच्यासोबत येते." तिने सगळे नाकारले तरी वाद घालू नये. काहीही झाले तरी तिला एकटीने घरी पाठवू नये.

रुग्णांचाही विचार त्याच दिवशी व्हायला हवा. अमेरिकेतील न्यू हॅम्पशायर राज्यात २०१२ मध्ये उघडकीस आलेल्या प्रकरणात एका तंत्रज्ञाने फेंटॅनिल या तीव्र वेदनाशामकाच्या सिरिंज स्वतःसाठी वापरून त्या सलाइनने भरून ठेवल्या होत्या आणि त्यातून तीसहून अधिक रुग्णांना हेपॅटायटिस सी हा रक्तातून पसरणारा यकृताचा आजार झाला. सिरिंजमध्ये फेरफार झाल्याची शंका असेल, तर संसर्ग नियंत्रण विभागाला कळवून संबंधित रुग्णांची तपासणी करावी.

दारू किंवा मिडॅझोलामच्या गटातील गुंगी आणणारी औषधे बरेच दिवस घेत असल्यास ती अचानक बंद केल्याने झटके येऊन जीव जाऊ शकतो, त्यामुळे "आजपासून सोडा" असा सल्ला देऊ नये. ओपिऑइडसाठी ब्यूप्रेनॉर्फिन, मेथाडोन, नॅलट्रेक्सोन असे उपचार आहेत. ती कामावर परतेल तेव्हा नियंत्रित औषधांच्या कपाटाची किल्ली काही काळ दुसरीकडे ठेवावी, नाइट ड्यूटी टाळावी आणि लघवीच्या अचानक तपासण्यांचा लेखी करार करावा. व्यसन काही काळ सुटल्यावर शरीराची सहनशक्ती उतरलेली असते आणि पूर्वीचाच डोस जीवघेणा ठरतो. हे तिला आणि तिच्या घरच्यांना स्पष्ट शब्दांत सांगावे, आणि पुन्हा इच्छा झाली तर कोणत्याही वेळी कुणाला फोन करायचा, ते नाव त्याच बैठकीत ठरवून घ्यावे.