गीझरच्या माहितीपत्रकातला ‘फ्लू’: या चुका टाळा

‘फ्लू गॅस’चं भाषांतर ‘फ्लूचा वायू’ असं केलं की वाचणाऱ्याला ताप आठवतो. देवनागरीत तापाचा फ्लू आणि धूर वाहून नेणाऱ्या वाटेचा फ्लू हे दोन्ही शब्द सारखेच दिसतात, इंग्रजीत उच्चारही एकच. तापाचा फ्लू म्हणजे ‘इन्फ्लुएन्झा’चं लघुरूप, स्पेलिंग एफ-एल-यू. धुराच्या फ्लूला शेवटी ई लागतो आणि त्याचं अनेकवचनही होतं.

फ्लू म्हणजे चिमणी, हेही बरोबर नाही. चिमणी म्हणजे अख्खं बांधकाम, फ्लू म्हणजे तिच्या पोटातली धूर जाण्याची पोकळ वाट. एकाच चिमणीत दोन-तीन फ्लू असू शकतात. मराठीत ‘धुराडं’ दोन्हींना चालून जातं, पण नेमकेपणा हवा तिथे ‘धूरमार्ग’ लिहा. वीजकेंद्रांच्या बातम्यांतला ‘फ्लू गॅस’ म्हणजे जळणानंतर धुराड्यातून बाहेर पडणारे वायू.

सगळ्यात महागात पडणारी गल्लत मात्र घरात होते. स्वयंपाकघरातल्या चिमणीच्या सहा किंवा आठ इंची पाइपला डक्ट म्हणतात. तो तेलकट वाफ नेतो. गॅस गीझरची नळी जळलेल्या गॅसचे वायू नेते, तो फ्लू. जागा वाचवायला ही नळी डक्टमध्ये खुपसू नका आणि तिच्या जागी पीव्हीसीचा पाइपही लावू नका, उष्णतेने तो मऊ पडतो.

पुण्यात गॅस गीझर अनेकदा ड्राय बाल्कनीत, म्हणजे धुण्याभांड्याच्या छोट्या गॅलरीत असतो आणि पुढे त्या बाल्कनीला सरकत्या काचा बसतात. एक घनमीटर पाइप गॅस पूर्ण जळायला साधारण 10 घनमीटर हवा लागते. डिसेंबरच्या थंडीत काचा बंद, पाणी गार, म्हणून गीझर जास्त वेळ चालतो. हवा अपुरी पडली की कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू तयार होतो. त्याला ना रंग, ना वास. त्यात स्वयंपाकघरातली चिमणी चालू असेल, तर ती घरातली हवा ओढते आणि फ्लूमधून वर जाणारे वायू उलटे आत येऊ शकतात.

निळी ज्योत पिवळी होणं, झाकणावर काजळी, अंघोळीनंतर डोकं दुखणं किंवा मळमळणं, या खुणा हलक्यात घेऊ नका. नळीला आडवी लांबी आणि वळणं कमीत कमी ठेवा, बाहेरच्या तोंडाशी पक्ष्याचं घरटं नाही ना ते पाहा. छोट्या, पाच-सहा लिटरच्या अनेक गीझरना फ्लू नसतोच, वायू सरळ खोलीत येतात. असा गीझर न्हाणीघरात कधीच लावू नये.

पंखा नसलेल्या, नळीच्या गीझरची परीक्षा सोपी आहे. काचा आणि चिमणी रोजच्यासारख्या ठेवून गीझर पाच मिनिटं चालवा, मग नळीच्या बुडाशी असलेल्या उघड्या फटीजवळ उदबत्ती धरा. धूर आत ओढला गेला पाहिजे. तो तोंडावर परतला, तर गीझर बंद करा, काचा उघडा आणि नळी दुरुस्त होईपर्यंत पाणी शेगडीवर तापवा.