व्हाळाचे पहिले पाणी मेरेबाहेर ठेवा: खाणी आणि औद्योगिक वसाहतींखालच्या सरद (पावसाळी) भातशेतीसाठी मे ते जुलैचा सल्ला

जूनच्या पहिल्या मोठ्या सरींत शेतात दोन प्रकारचे पाणी येते. एक आभाळातून थेट पडते. ते चांगले, त्याला अडवायचे कारण नाही. दुसरे व्हाळातून म्हणजे ओढ्यातून, रस्त्याच्या गटारातून, मोरीखालून येते आणि सात-आठ महिने डंपवर (खाणीतून काढलेल्या मातीच्या ढिगांवर), खनिज वाहणाऱ्या टिप्पर ट्रकांच्या वाटेवर, कारखान्यांच्या आवारात साचलेले सगळे सोबत आणते. गोव्यातल्या डिचोली, सत्तरी, धारबांदोडा, सांगे, केपे इथली खाणींखालची शेते असोत की वेर्णा, कुंकळ्ळी, कुंडई, पिसुर्ले अशा वसाहतींच्या उतारावरची, या हंगामात आधी करायचे काम एकच: हे दुसरे पाणी पहिले आठ-दहा दिवस मेरेबाहेर, म्हणजे शेताच्या बांधाबाहेर, ठेवणे.

खाणी बंद असतानाही गाळ येतच होता, हे विसरू नये. २०१२ मध्ये उत्खनन थांबले, पुढे ७ फेब्रुवारी २०१८ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने ८८ खाण-लीजांचे नूतनीकरण रद्द झाले, पण मातीचे डंप जागेवरच राहिले आणि दर पावसाळ्यात झिजत राहिले. २०२४ पासून लिलावात दिलेल्या काही खाण-ब्लॉकांत काम पुन्हा सुरू झाले आहे. आपल्या गावांत टिप्पर आणि नांगर कित्येकदा एकाच अंगणात असतात. खाणही चालावी आणि शेतही पिकावे ही मागणी रास्त आहे. त्यासाठी गाळ खाणीच्या हद्दीतच अडायला हवा, आणि तो अडणार की नाही हे मे महिन्यातच दिसते.

मेच्या मध्यापर्यंत: वर जाऊन बघा

आपल्या व्हाळाचा माग काढत वर चढा. डंपच्या पायथ्याशी दगडी बांध सलग आहे का, डंपभोवतीचा चर मातीने बुजला आहे का आणि गाळ बसवण्याच्या टाक्या रिकाम्या केल्या आहेत का, या तीन गोष्टी बघा. गेल्या वर्षीच्या गाळाने अर्धी भरलेली टाकी पहिल्याच मुसळधार पावसात ओसंडते. पाणी थांबायला जागाच उरत नाही, मग गाळ बसणार कुठे? तारखेसह फोटो काढा आणि पंचायत, विभागीय कृषी कार्यालय व गोवा राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळ यांना संयुक्त पाहणीसाठी लेखी अर्ज द्या. पोच घ्या. खाणीला किंवा कारखान्याला मंडळाने दिलेल्या संमतीपत्रातल्या अटी माहिती अधिकारात मागता येतात, पण उत्तराला ३० दिवसांची मुदत असते. म्हणून तो अर्ज मेच्या पहिल्या आठवड्यातच जायला हवा.

पाणी आत येते ती जागा

शेताला पाणी घेण्याचे तोंड एकच ठेवा, बाकीची मातीने पक्की बुजवा. त्या तोंडाशी साधारण २ मीटर लांब, १ मीटर रुंद आणि १ मीटर खोल खड्डा घ्या. पाणी एका टोकाने आत आणि समोरच्या टोकाने बाहेर पडू द्या. आत-बाहेरची तोंडे जवळजवळ ठेवली तर पाणी सरळ निघून जाते आणि खड्डा असून नसल्यासारखा होतो. बाहेरच्या तोंडाला दगड रचून पुढे वाळ्याची दाट ओळ लावा. खड्डा अर्धा भरला की उपसा.

या खड्ड्यात वाळू आणि जाड गाळ अडतो, बारीक चिकण माती अडत नाही. तुमच्या पाण्यात काय आहे ते पारदर्शक बाटलीत कळते. वीसेक सेंटिमीटर पाणी भरून न हलवता ठेवा. वाळू मिनिटाभरात खाली बसते, मध्यम गाळ तासाभरात. दुसऱ्या दिवशीही पाणी लालच असेल तर ती चिकण आहे आणि खड्डा तिला थांबवणार नाही. असे पाणी येत आहे तोवर तोंड बंद ठेवून पावसावरच चिखलणी करणे, हाच उपाय.

एक सेंटिमीटर गाळ किरकोळ वाटतो. पण १००० चौरस मीटरवर तो १० घनमीटर होतो, म्हणजे ओला असताना पंधरा-सोळा टन. सुकला की त्याची कडक खपली होते. त्यात सेंद्रिय अंश फारसा नसतो, आणि लोहामुळे स्फुरद (फॉस्फरस) मातीत अडकून पडते.

माती, चुना, पालाश

मातीचा नमुना चुना-खत टाकण्याआधी घ्या. नागमोडी चालत आठ-दहा ठिकाणी १५ सेंटिमीटर खोल व्ही आकाराचा खड्डा घेऊन कडेची माती काढा, एकत्र करून अर्धा किलो ठेवा, सावलीत वाळवा. गाळ येतो त्या तोंडाजवळची माती त्यात मिसळू नका. तिचा नमुना वेगळा द्या, नाहीतर अहवाल ना इथला राहतो ना तिथला.

चुन्याची मात्रा अहवालाप्रमाणे द्या. अंदाज यावा म्हणून: केरळच्या आम्लधर्मी भातजमिनींसाठी हेक्टरी ६०० किलोची शिफारस आहे, ३५० पहिल्या नांगरणीला आणि उरलेला पेरणी-लावणीनंतर महिन्याभराने. म्हणजे १००० चौरस मीटरला ३५ आणि २५ किलो. चुना आणि रासायनिक खत यांत आठवडाभराचे अंतर ठेवा.

लोह जास्त असलेल्या शेतात पालाशात (पोटॅशमध्ये) काटकसर करू नका. पालाश कमी पडले की मुळांची लोह बाहेर रोखून धरण्याची ताकद कमी होते. हेक्टरी ५० किलो पालाश द्यायचे असेल तर १००० चौरस मीटरला म्युरेट ऑफ पोटॅश सुमारे ८ किलो लागते. अर्धे लावणीला, अर्धे फुटवे येताना द्या.

लावणीनंतर तीन-चार आठवड्यांनी खालच्या पानांच्या शेंड्यांकडून बारीक तपकिरी ठिपके सुरू होऊन पान तांबूस होत गेले तर रोप उपटून मूळ बघा. मुळे थोडी, आखूड आणि गडद तांबडी-काळी असतील तर ती लोहाची बाधा. करपा रोगाचा ठिपका वेगळा असतो: दोन्ही टोकांना निमुळता, मध्ये राखाडी. इथे हमखास होणारी चूक म्हणजे पान पिवळे-तांबूस दिसले की युरिया फेकणे. मुळेच काम करत नसताना त्याचा उपयोग नाही. पाणी सोडून द्या, जमीन आठवडाभर हवेला उघडी राहू द्या, बारीक भेगा दिसू लागल्या की पुन्हा पाणी घ्या. हवा लागली की विरघळलेले लोह गंजासारखे बसते आणि मुळांना सहज मिळत नाही.

कारखान्याचे सांडपाणी

पाण्यावर तेलकट तवंग दिसला तर काठीने ढवळा. तुकडे पडून तसेच राहिले तर तो लोहाचा. पुन्हा एकत्र आला तर तेल किंवा डिझेल. फेस, उग्र वास, मेलेले मासे दिसले तर तोंड लगेच बंद करा. केंद्रीय निकषांप्रमाणे सिंचनाच्या पाण्याचा सामू (पीएच) ६ ते ८.५ असावा आणि विद्युतवाहकता, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचे माप, सेंटिमीटरला २२५० मायक्रोसीमेन्सच्या आत. सामूची पट्टी आणि खिशातला वाहकता मापक दोन-तीन शेतकऱ्यांत मिळून ठेवावा.

स्वतः घेतलेला नमुना शेतातला निर्णय घ्यायला उपयोगी पडतो, खटल्यात पुरावा म्हणून चालत नाही. १९७४ च्या जल कायद्याच्या कलम २१ प्रमाणे प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या अधिकाऱ्यानेच तो रीतसर घ्यावा लागतो. म्हणून फोन त्याच तासाला करा. सांडपाणी दुपारपर्यंत वाहून जाते. सांडपाणी मिसळते त्या जागेच्या वरचे आणि खालचे, असे दोन्हीकडचे फोटो हवेत.

रस्त्यावरून उडणाऱ्या धुळीसाठी आता एवढेच: पाने पाऊस धुतो, पण ती धूळ गटारातून शेतात उतरते. रस्त्याकडच्या मेरेबाहेर चर काढा आणि जूनमध्ये तिथे बांबू किंवा गिरिपुष्पाच्या दोन ओळी लावा. काजूचा मोहोर धुळीपासून वाचवायला त्या पुढच्या हंगामापर्यंत पुरेशा होणार नाहीत, त्यापुढच्या हंगामांना होतील.

खाजन शेतांना वेगळा नियम

खाजनात, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या खाऱ्या जमिनीत, पहिला पाऊस हवाच, मीठ तोच धुतो. पावसाचे पाणी शेतात साठवा आणि ओहोटीला मानशीतून (बांधातल्या पाण्याच्या दारातून) सोडा, असे दोन-तीनदा करा. मानशीच्या फळ्या भरतीला घट्ट बसतात ना, हे मेमध्येच तपासा. वरच्या व्हाळाचे तोंड मात्र या काळात बंदच ठेवा. पेरणीला कोरगुट किंवा गोवा धान १ यांसारखा मीठ सोसणारा वाण घ्या.

आणि सगळे करूनही गाळ आलाच, तर पंचनामा होईपर्यंत तो उपसू नका. चार-पाच ठिकाणी पट्टी उभी रोवून जाडी मोजा, फोटो काढा, कृषी कार्ड आणि जमिनीच्या कागदांसह विभागीय कृषी कार्यालयात शेतकरी आधार निधीसाठी अर्ज द्या. त्यानंतर पाणी काढून टाका आणि गाळ ओलसर असतानाच फावड्याने ओढा. पूर्ण सुकला तर खालची सुपीक मातीही त्याच्याबरोबर निघून येते.