कानाची तपासणी: बूथमध्ये बसण्याआधी एवढं माहीत असू द्या

गेल्या पावसाळ्यात ठाण्यात जांभळी नाक्यावर कोथिंबिरीची जुडी साठ रुपयांना होती. भाजीवाला ‘साठ’ म्हणाला आणि बाबांनी त्याच्या हातावर दहाची नोट ठेवली. त्यांना ‘आठ’ ऐकू आलं होतं. घरात टीव्हीचा आवाज वाढत चाललाच होता, त्या दिवशी मात्र मी कान तपासायचंच ठरवलं. बाबा म्हणाले, “आणि नापास झालो तर?” ही भीती बऱ्याच घरांत असते, म्हणून सगळं सविस्तर लिहिते आहे.

आधी ईएनटी, म्हणजे कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जा. ते कानात दिवा लावून पडदा बघतात. मळ साठला असेल तर तो काढल्याशिवाय चाचणी करून उपयोग नाही, आकडे चुकीचे येतात. घरी पिन, काडी, बड्स काहीही घालू नका, मळ आणखी आत ढकलला जातो. आदल्या दिवशी मोठा आवाज टाळा. दहीहंडीला किंवा विसर्जनाला डीजेसमोर उभे राहिला असाल तर चाचणी दोन दिवस पुढे ढकला. चालू औषधांची चिठ्ठी बरोबर ठेवा. टीबीची काही इंजेक्शनं कानाला अपाय करतात, तेव्हा जुनी ट्रीटमेंटही सांगा. आणि घरातलं एक माणूस सोबत न्या, कारण आपल्याला काय ऐकू येत नाही हे घरच्यांनाच जास्त ठाऊक असतं.

मुख्य चाचणी ऑडिओलॉजिस्ट, म्हणजे ऐकणं तपासणारे तज्ज्ञ घेतात. एका छोट्या, आवाजबंद बूथमध्ये बसवून हेडफोन लावतात, लाल बाजू उजव्या कानाला, निळी डाव्या. हातात एक बटण असतं. ‘टूं’ असा आवाज आला की बटण दाबायचं, बस. पण हा आवाज कसा बदलतो ते आधीच समजून घ्या. तुम्ही बटण दाबलंत की पुढचा आवाज 10 डेसिबलने (आवाजाचा मोठेपणा मोजायचं माप) कमी होतो, नाही दाबलं तर 5 ने वाढतो. म्हणजे तुम्हाला जेमतेम ऐकू येईल अशा पातळीभोवतीच आवाज फिरत राहतो. मधूनमधून काहीच ऐकू न येणं हे ठरलेलंच आहे, कान कितीही चांगला असला तरी. बाबांना हे कुणी सांगितलं नव्हतं. शांतता लांबली की ते घाबरून अंदाजाने बटण दाबायचे, शेवटी तो कान पुन्हा पहिल्यापासून तपासावा लागला. अगदी पुसट आवाज आला तरी दाबा, पण ‘आता यायला हवा’ म्हणून दाबू नका.

मग कानामागच्या हाडावर एक छोटं कंप पावणारं यंत्र टेकवतात. ते जरा आवळतं, दुखत नाही. याने आवाज थेट आतल्या कानात पोहोचतो. दुसऱ्या कानात सळसळ सोडतात, तिच्याकडे लक्ष देऊ नका. पुढे शब्द म्हणायला लावतात. मराठीतले शब्द घ्या असं आधीच सांगा, परक्या भाषेतला शब्द चुकला तर दोष कानाचा की भाषेचा हे कळत नाही. पडद्यामागचा भाग बघायला कानात बोळा घालून हवेचा दाब बदलतात, घाटात गाडी चढताना दडा बसतो तसं काही सेकंद वाटतं. सगळं मिळून साधारण अर्धा-पाऊण तास.

रिपोर्ट म्हणजे एक आलेख. डावीकडून उजवीकडे 250 ते 8000 हर्ट्झ, म्हणजे जाड आवाजापासून बारीक आवाजापर्यंत. खाली जाल तसे डेसिबल वाढतात, म्हणून खूण जितकी खाली तितकं ऐकणं कमी. लाल गोल उजव्या कानाचे, निळ्या फुल्या डाव्याच्या. हाडाची रेघ वर आणि हेडफोनची खाली असेल तर अडचण बाहेरच्या किंवा मधल्या कानात असते, आणि ती बहुधा उपचाराने सुधारते. दोन्ही एकत्र खाली गेल्या तर आतला कान किंवा नस. बाबांच्या दोन्ही रेघा 4000 हर्ट्झपाशी खड्ड्यासारख्या खाली गेल्या होत्या. मोठ्या आवाजात वर्षानुवर्षं काम केलेल्यांना असं होतं. त्यांनी त्या खड्ड्यावर बोट ठेवलं आणि म्हणाले, “ही ठाणे-बेलापूर रोडची कंपनी.” ‘स’, ‘श’, ‘फ’ हे बारीक आवाज याच टापूत येतात, म्हणून ‘साठ’चं ‘आठ’ झालं होतं.

आलेख समजावून घेतल्याशिवाय उठू नका. कानाचं मशीन (श्रवणयंत्र) लागेल असं सांगितलं तरी त्याच दिवशी बुक करायचा आग्रह मानू नका, रिपोर्ट घेऊन ईएनटी डॉक्टरांना दाखवा. दुसरं मत हवं असेल तर वांद्रे रेक्लमेशनला अली यावर जंग ही ऐकण्या-बोलण्याच्या अडचणींसाठीची केंद्र सरकारची संस्था आहे, ठाण्याहून दादरला गाडी बदलून जाता येतं.

एक अपवाद मात्र आहे. एका कानाने एकाएकी ऐकू येईनासं झालं तर तारखेची वाट बघू नका, त्याच दिवशी ईएनटी गाठा, पहिल्या काही दिवसांतच औषधांचा उपयोग सर्वाधिक होतो. एरवी रिपोर्ट फाइलला लावून ठेवा आणि पुढच्या वर्षी सोबत न्या, नवी रेघ जुन्या रेघेशेजारी ठेवूनच डॉक्टर बघतात.