आड भरलेला, पोहरा कुठाय?

‘इतकं शिकून गोदामच सांभाळतेस ना?’ आई अजून विचारते. ब्रिटिश सैन्याच्या रॉयल लॉजिस्टिक कोअरमध्ये सात वर्षं काढून कॅप्टन झाले, तरी तिला काही पटवता आलेलं नाही. वाहतूक, दारूगोळा, मुदपाकखाना, टपाल अशी वेगवेगळी खाती १९९३ साली एकत्र करून हे दल उभं केलं. म्हणजे गोदाम आहेच, पण तेवढंच नाही.

प्रवेशाचं थोडक्यात सांगते. राष्ट्रकुलातल्या देशांचे नागरिकही अर्ज करू शकतात, त्यामुळे भारतीय पासपोर्टही चालतो. वेस्टबरीच्या अधिकारी निवड मंडळात धावण्या-चढण्याची तयारी सगळेच करून येतात. दांडी उडते ती नियोजनाच्या पेपरात. शाळेतलं वेळ-वेग-अंतर पुन्हा काढा, आणि समोरचा भराभर उलटतपासणी घेत असताना तोंडी करा. मग सँडहर्स्टच्या लष्करी अकादमीत ४४ आठवडे, त्यानंतर विंचेस्टरजवळ वर्दी डाऊनला रसदीचं शिक्षण.

पहिल्याच नेमणुकीत तीसेक जण हाताखाली आले. सॉल्सबरी प्लेनवरच्या सरावाला निघताना सार्जंटनी विचारलं, “मॅम, पाणी आधी चढवायचं?” मी ठसक्यात हो म्हटलं, महत्त्वाचं ते आधी, असा माझा हिशोब. रात्री भर पावसात पोचलो, तर पाण्याचे कॅन ट्रकच्या पार आत आणि दाराशी तंबू नि जाळ्या. दीड तास उतरवत होतो. आधी लागणारं शेवटी भरतात, हे सार्जंटना माहीत होतं. मी त्यांना विचारलंच नव्हतं.

रशियाविरुद्धच्या क्राइमियाच्या युद्धाबद्दल जरूर वाचा. १८५४च्या हिवाळ्यात बालाक्लावा बंदरात माल येऊन पडला होता आणि काही मैलांवर, टेकाडावरच्या छावणीत ब्रिटिश सैनिक उपाशी, गारठलेले. रस्ता चिखलात गेलेला, ओझ्याची जनावरं मरत होती. कॉफी मिळाली तीही हिरवी, न भाजलेली. भाजायला सरपण कुठे? आडात नाही तर पोहऱ्यात कुठून, असं आपण म्हणतो. तिथे आड तुडुंब होता, पोहराच नव्हता. त्याआधी पन्नासेक वर्षं, १८०३ मध्ये, आपल्या असईला मराठ्यांशी लढलेल्या ब्रिटिश सेनापती वेलस्लीला हे उमगलं होतं. त्याचं धान्य लमाणांचे बैल वाहायचे, आणि त्याच्या पत्रांत बैलांची काळजी सारखी डोकावते.

पलटणीतला क्वार्टरमास्टर, म्हणजे सामानसुमान सांभाळणारा अधिकारी, बहुधा साध्या शिपायापासून वर चढलेला असतो. पहिल्याच आठवड्यात त्यांच्याकडे चहाला जा, आणि कुठली वस्तू कागदावर आहे पण फळीवर नाही, तेवढं विचारून घ्या.